विटाळ आणि स्त्रीचे आरोग्य

पाळीच्या दिवसांत स्त्री अपवित्र होते आणि तिच्या स्पर्शाने देव, अन्न व माणसे बाटतात, ही विटाळाची कल्पना महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. जन्माचे सोयर आणि मृत्यूचे सुतक सगळ्या भावकीला लागते आणि ठरल्या दिवशी फिटते. पाळीचा विटाळ एकटीने, दर महिन्याला, तेरा-चौदाव्या वर्षापासून पुढे तीस-पस्तीस वर्षे पाळायचा असतो. धर्मविचाराच्या अंगाने यात दोन प्रश्न आहेत. शरीराच्या एका नैसर्गिक क्रियेमुळे माणूस ईश्वरापासून दूर जाऊ शकतो का, हा पहिला. आणि जातो असे मानले, तर त्या मानण्याची किंमत कोणाच्या शरीराने मोजायची, हा दुसरा. खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या आणि वयात येणाऱ्या मुलींच्या आरोग्याची चर्चा हा दुसरा प्रश्न टाळून पुरी होत नाही.

विटाळाची सर्वांत जुनी उपपत्ती तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात सापडते. इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप याला ठार मारले आणि त्याला ब्रह्महत्येचे पातक लागले. त्या पातकाचे वाटे पृथ्वीने, झाडांनी आणि स्त्रियांनी उचलले. पृथ्वीच्या वाट्याची नापीक जमीन झाली, झाडांच्या वाट्याचा डिंक, स्त्रियांच्या वाट्याचे रज. मोबदला म्हणून पृथ्वीला खणले तरी भरून येण्याचा, झाडांना तोडले तरी फुटण्याचा आणि स्त्रियांना अपत्याचा वर मिळाला. कथा नीट वाचली तर पातक इंद्राचे आहे. स्त्रीने कोणताही अपराध केलेला नाही, दुसऱ्याचे ओझे तेवढे घेतले आहे. पुढे हा तपशील गळून पडला आणि ओझे उचलणारीच दोषी ठरली.

कथेला जोडून निषेध येतात. तीन रात्री तिने आंघोळ करू नये, अंगाला तेल लावू नये, केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, दात घासू नयेत, नखे कापू नयेत, सूत कातू नये, दोर वळू नये. नियम मोडला तर होणारे मूल टकले, काणे, काळ्या दातांचे किंवा आणखी कशा ना कशा व्यंगाचे निपजेल. यातला एकही परिणाम त्या स्त्रीच्या स्वतःच्या शरीराविषयी बोलत नाही. चिंता आहे ती तिच्या पोटी येणाऱ्या संततीची. पाळीचे नियम मुळात बाईच्या विश्रांतीसाठी आणि स्वच्छतेसाठी केले होते, असे आज जे आवर्जून सांगितले जाते, त्याला या सर्वांत जुन्या वचनात आधार नाही. तिथे तर आंघोळच वर्ज्य आहे. दुसरीकडे, हीच कथा सांगणारे वसिष्ठ धर्मसूत्र अन्यत्र असेही म्हणते की स्त्रिया अतुलनीय पवित्र आहेत, कारण महिन्याच्या महिन्याला त्यांचे रज त्यांचा मळ दूर करते. एकाच ग्रंथात रज हे पातकाचे चिन्ह आहे आणि शुद्धीचे साधनही. शास्त्राचे मत एकच आहे असे सांगणाऱ्याने शास्त्र अर्धेच वाचलेले असते.

मराठी घरांत ही कल्पना ग्रंथांमधून कमी आणि व्रतांमधून जास्त उतरली. भाद्रपद शुद्ध पंचमीच्या ऋषिपंचमीची कहाणी अशी, की एका बाईने विटाळात भांड्याकुंड्यांना हात लावला, म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल. दोघे आपल्याच मुलाच्या दारी राहिले. मुलाने व्रत केले तेव्हा त्यांची सुटका झाली. त्या दिवशी आघाड्याच्या काडीने दात घासायचे, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, परसात हाताने पिकवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करायची, असा रिवाज आहे. व्रत देखणे आहे आणि अनेकींच्या मनात त्याला आईच्या, आजीच्या आठवणींची जागा आहे. पण कहाणी ऐकणाऱ्या मुलीच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: या दिवसांत चुकून झालेला स्पर्शही जन्मांतरापर्यंत पुरणारा गुन्हा आहे.

या कल्पनेला विरोध बाहेरून आला, इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, असे समजणे चुकीचे आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि पाळीचा स्राव देहाच्या नऊ द्वारांतून होणाऱ्या इतर स्रावांच्या पंगतीला बसवला, असे महानुभाव परंपरा मानते. नाकाडोळ्यांतून वाहते त्याचा विटाळ होत नसेल तर याचा का व्हावा, इतका साधा तो युक्तिवाद आहे. त्याने प्रश्न पापपुण्याच्या पेटीतून काढून शरीराच्या पेटीत ठेवला.

पुढच्या शतकात सोयराबाईने याहून मुळाशी हात घातला. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची ही पत्नी. तिला विटाळ दोन बाजूंनी माहीत होता: महार म्हणून जन्मभराचा आणि बाई म्हणून महिन्याचा. तिच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगाचा आशय असा, की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, विटाळावाचून कोणताच देह घडत नाही. मग सोवळा कोण उरला? सगळ्यांचा उगमच ज्या रक्तात आहे त्या रक्ताने काहीजण अपवित्र आणि काहीजण पवित्र कसे होतील, असा हा तर्कशुद्ध पेच आहे. सोयराबाई विटाळाचे नियम सैल करा अशी विनंती करत नाही. ती विटाळाच्या कल्पनेचा पायाच काढून घेते आणि शुद्धतेला देहातून उचलून आत्म्याकडे नेते. जातीचा विटाळ आणि पाळीचा विटाळ एकाच मुळाचे आहेत हे तिला जितके स्वच्छ दिसले, तितके पुढच्या कित्येक सुधारकांना दिसले नाही.

सुमारे सातशे वर्षांनी हाच धागा न्यायालयात पोहोचला. शबरीमला प्रकरणी २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १० ते ५० वयाच्या स्त्रियांवरची मंदिरबंदी चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द केली, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून होणारा बहिष्कार हा अस्पृश्यतेचाच प्रकार असल्याचे सांगून त्याला राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाशी जोडले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचे विरोधी मत होते, की श्रद्धेतील काय आवश्यक आहे हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे. हा आक्षेप हलका नाही. बाहेरून आलेला हुकूम श्रद्धा बदलत नाही, हे खरेच आहे. पण त्याचे पुरेसे उत्तर सोयराबाईच्या परंपरेत आहे: इथे आक्षेप घेणारी स्वतः भक्त आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात विटाळ कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे पाहण्यासारखे आहे. देवघर, चूल, पाण्याचा माठ, लोणच्याची बरणी, तुळस, वाळत घातलेले पापड इथे तो लागतो. खुरपणीला, वेचणीला, गवताच्या भाऱ्याला, धुण्याला लागत नाही. घरात जिच्या हातचे पाणी चालत नाही, तिच्या हातचा कापूस आणि ऊस चालतो. ज्या दिवशी बाईच्या मजुरीवाचून अडते, त्या दिवशी विटाळ आपोआप शिथिल होतो. पावित्र्याचा नियम खरोखरच ईश्वरी असता तर तो शेताच्या बांधावर थांबला नसता. म्हणून 'तेवढीच विश्रांती मिळते' हे समर्थन फार थोड्या घरांच्या बाबतीत खरे ठरते. जिथे चूल सांभाळायला दुसरी बाई आहे आणि शेतावर जायची गरज नाही, तिथेच.

या विसंगतीचे सर्वांत कठोर रूप बीड जिल्ह्यात दिसले. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या हद्दीत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले की खाडा म्हणून दंड बसतो. पहाटेपासून तोड, डोक्यावर मोळ्या, गाडी भरायची वेळ रात्रीचीसुद्धा. राहायला पालाची खोपटी, न्हाणीघर नाही, पाणी लांब. पाळीत कपडा बदलायलाही आडोसा नसतो. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जास्त रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली, की अनेकींना पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहापैकी एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटात देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. काहींची वये तिशीच्याही आत होती. गर्भाशयासोबत बीजांडकोश काढले गेले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम अकाली येतात: हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप जाते, आणि कोयता तर हातातून सुटत नाही. मजुरीची व्यवस्था, डॉक्टरांचा लोभ आणि कर्ज ही यामागची उघड कारणे. त्याखाली एक समजूतही आहे: मुले झाल्यावर पिशवीचा उपयोग काय, ती नुसती कटकट. ज्या अवयवाविषयी लहानपणापासून फक्त घाण आणि अडचण एवढेच ऐकले, तो जपावासा वाटणे अवघडच.

कमी तीव्रतेचा, पण घरोघरी दिसणारा प्रकार म्हणजे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गणपती, नवरात्र, सत्यनारायण, घरातले लग्न जवळ आले की औषधाच्या दुकानातून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणल्या जातात, बहुतेक वेळा डॉक्टरला न विचारता आणि कधी कधी घरच्या पुरुषालाच पाठवून. एखाद्या वेळी, तपासून घेतल्यास, त्या बहुतेकींना बाधत नाहीत. ज्यांना रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास झालेला आहे किंवा यकृताचा आजार आहे अशांना त्या धोक्याच्या असतात, आणि दर सणाला घेतल्या तर पाळीचे चक्र विस्कळीत होते. देवाच्या दारी जाण्यासाठी देवानेच घडवलेली क्रिया औषधाने थांबवायची, यातला धार्मिक विरोधाभास भाविकांनीच विचारात घ्यावा असा आहे.

विटाळाचा सर्वांत मोठा आरोग्यविषयक परिणाम मात्र मौन हा आहे. जे शिवायचे नाही ते बोलायचे नाही, आणि जे बोलायचे नाही ते दाखवायचे नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किंवा लैंगिक संबंधांतून होणारा कोणता ना कोणता आजार होता, सरासरी एका स्त्रीमागे ३.६ आजार. आणि याआधी कधीही स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगभर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच घेतला जाई. गर्भवती नसलेल्या बाईलाही शरीर असते, ही गोष्ट या दोन गावांनी जगाच्या लक्षात आणून दिली. तपासलेल्यांत निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रियांनीच काही त्रास सांगितला होता. उरलेल्यांना आजार नव्हता असे नाही. पांढरे जाते, कंबर धरते, हे बाईच्या जन्माला आलेच, असे मानून त्या जगत होत्या. विटाळाने दुखण्याचे नाव बदलून त्याला नशीब केले होते.

पाळीच्या कपड्याची गोष्ट याच मौनातली. घडी धुवायची ती सगळे उठायच्या आत, आणि वाळत घालायची ती साडीच्या खाली किंवा न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पुरुषाच्या नजरेला पडू नये म्हणून. उन्हात कडक वाळलेला सुती कपडा चांगलाच असतो; ओलसर राहिलेल्या कपड्याने खाज, बुरशी आणि चट्टे येतात. इथे अपाय रक्तामुळे होत नाही, लपवण्यामुळे होतो. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याची सोय झाली. ते गरजेचेच होते, पण काळ्या पिशवीत गुंडाळून दिलेले पॅड मुलीला पॅडबरोबर लाजही देते.

वयात येणाऱ्या मुलीच्या बाबतीत परंपरेने आणखी एक ओझे ठेवले होते. पहिल्या न्हाणाचा सोहळा पूर्वी मोठा असे: मखर, फुलांची वाडी, ओटी, गोडधोड, वाजंत्री. पहिल्यांदा शुभ म्हणून मिरवलेले तेच रक्त पुढच्या महिन्यापासून कोपऱ्यात बसवी. त्या सोहळ्याचा खरा अर्थ मुलगी नवऱ्याकडे पाठवायला तयार झाली एवढाच होता, कारण लग्न आधीच झालेले असे आणि ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान हा धर्म मानला जाई. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. बालपणी झालेल्या लग्नाचे बंधन नाकारणाऱ्या रखमाबाईंवर १८८४ मध्ये त्यांच्या पतीने दावा लावला. त्या पुढे वैद्यक शिकून सुरतेत स्त्रियांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा आला, तेव्हा परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मात्र वाद शास्त्राच्याच अंगणात नेला. गृह्यसूत्रांत विवाहानंतर चौथ्या रात्रीच समागम सांगितला आहे, म्हणजे त्या काळी वधू वयात आलेली असे, हे त्यांनी ग्रंथ उघडून दाखवले. वाद त्यांनी जिंकला, असे आज म्हणता येते; प्रथा मात्र पूर्ण हरलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. त्याच पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या मुलीच्या अंगात स्वतःपुरते रक्त नाही, तिच्यावर दुसरा जीव वाढवण्याची जबाबदारी पडते.

विटाळ घराच्या कोपऱ्यात न मावता गावाबाहेर जातो, तेव्हा त्याची परीक्षा सर्वांत अवघड होते. गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली, धानोरा भागांत माडिया आणि गोंड गावांच्या कडेला कुर्माघर असते. पाळीचे चार-पाच दिवस बाई तिथे राहते. चूल नसते, जेवण घरच्या बाया आणून ठेवतात. पावसाळ्यात गळणारे छप्पर, साप, अंधार, जवळ कोणी नसताना सुरू झालेला जास्त रक्तस्राव, हे धोके खरे आहेत आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रथेला हक्कांचे गंभीर उल्लंघन म्हटले आहे. कर्नाटकातील तुमकुरु आणि चित्रदुर्ग जिल्ह्यांत काडुगोल्ल समाजातही पाळीतल्या बाईला आणि बाळंतिणीला वस्तीबाहेर ठेवण्याची रीत आहे. २०२३ च्या जुलैत तुमकुरु जिल्ह्यात अशाच झोपडीत ठेवलेल्या आईचे नवजात बाळ पावसाथंडीत दगावले.

अशी घरे पाडावीत की सुधारावीत? नेपाळने पाळीतल्या बाईला झोपडीत ठेवण्याची छौपडी प्रथा २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरवली आणि २०१९ मधील मृत्यूंनंतर झोपड्या पाडल्या. काही ठिकाणी बाया त्यापेक्षा वाईट जागी, गोठ्यात किंवा उघड्यावर बसू लागल्या, कारण झोपडी गेली तरी देवाच्या कोपाचे भय गेले नव्हते. गडचिरोलीत मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने तुकुम गावापासून पक्की, पलंग-दिवे-पाणी-संडास असलेली घरे बांधायला सुरुवात केली. प्रथेलाच सिमेंट लावले, अशी टीका त्यावर झाली. टीका तत्त्वतः बरोबर आहे. तरी या पावसात तिथे झोपणाऱ्या बाईला तत्त्वाआधी कोरडी जमीन लागते. काही बायका असेही सांगतात की तिथे चार बायका एकत्र बसतात, हसतात, कामातून सुटका होते. ही सुटका खरी आहे आणि तिची भूक समजून घ्यायला हवी. फक्त ती मिळवण्यासाठी अपवित्र ठरावे लागू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने महिन्याला एक दिवस पगारी पाळीरजेचे धोरण मंजूर केले, ते याच दिशेचे पाऊल आहे: विश्रांती आहे, विटाळ नाही. बंगळुरूच्या इंदिरानगरातील कार्यालयात काम करणाऱ्या मराठी मुलीला या रजेचा लाभ मिळू शकतो. त्याच राज्यात, बेळगावकडच्या फडात ऊस तोडणाऱ्या बीडच्या बाईचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, आणि तिचा खाडा तसाच राहतो.

धर्मभावनेला न दुखवता, पण विटाळाला न मानता काम करता येते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना दवाखाना कसा हवा असे विचारले, तेव्हा तिथे नातेवाइकांना राहायला जागा आणि आपला देव हवा, असे उत्तर आले. शोधग्रामचा दवाखाना गोंड खेड्यासारखा झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. इथे देवी बाईला बाहेर काढत नाही, आत बोलावते. राणी बंग यांची 'तारुण्यभान' ही किशोरवयीनांसाठीची शिबिरे पाळी, गर्भधारणा, लैंगिक आजार यांवर मुलामुलींशी मोकळेपणाने बोलतात.

तुळजाभवानीच्या जिल्ह्यात, उस्मानाबादेत म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, याहून मोठ्या प्रमाणावर एक गोष्ट सिद्ध झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला; ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया ५२ गावगटांतून त्यात आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभरच्या धोरणांना आधार देणारा हा पुरावा, ज्यांच्याविषयी 'खेड्यातल्या बायका तपासायला येतच नाहीत' असे म्हटले जाई, त्या बायकांनी दिला. गावातल्याच कार्यकर्त्या घरी येऊन नीट समजावून सांगत होत्या आणि तपासणारीही बाईच होती, एवढे झाले तेव्हा संकोच आडवा आला नाही.

पंढरीच्या वाटेवरही बदल दिसतो. वारीत बायका पाळी आली म्हणून मागे फिरत नाहीत. दिंडी चालते, तशा त्या चालतात. गेल्या काही वर्षांत राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारी उपक्रमातून पालखीमार्गावर त्यांच्यासाठी सॅनिटरी पॅड, ते टाकण्याची सोय आणि स्वच्छतागृहे पुरवली जातात. वाट मोठी आहे आणि मुक्कामी पाण्याची, आडोशाची गरज अजून पुरती भागलेली नाही.